चाळीस भोकांचं ताट

३ मार्च, सोमवार

माननीय पाळकसाहेब यांस,

सलाम. त्याच्या आधीचा 'सप्रेम' गाळला आहे, तो नजरचुकीने नव्हे.

नऊ वर्षांनी लिहिते आहे. फोन करता आला असता, पण तुझा फोन तुझी बायको उचलते आणि ती माझ्याशी इतकं गोड बोलते की मला भांडता येत नाही. पत्रात ती अडचण नाही.

आधी कामाचं. आईच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आमचे डॉक्टर पाच-सहा आठवडे म्हणतात. (हो, मी अजून त्यांच्याच दवाखान्यात कंपाउंडर आहे. अजून तोच पांढरा कोट.) डायलिसिस नको असं आईने स्वतःच सांगितलं. तिला एकच गोष्ट हवी आहे: प्रभुभोजन, आणि तेही तुझ्या हातून. आमचे पाळक भाकर आणि द्राक्षरस घेऊन दोनदा घरी येऊन गेले. दोन्ही वेळा तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि म्हणाली, "मुंगळ्या येईल तेव्हा घेईन." पाळकांनी विचारलं, मुंगळ्या कोण? आता त्यांना काय सांगू, की पलीकडच्या मंडळीचे विद्वान पाळक लहानपणी मोरीच्या कडेच्या मुंग्या मोजत बसायचे, आणि कुणी तांब्याभर पाणी ओतलं की रडून पुन्हा एकपासून सुरुवात करायचे?

तू अजून मोजतोसच म्हणा. ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत अकरा माणसं जमवून तू शिकवतोस की ख्रिस्त सगळ्या जगासाठी मेला नाही, देवाने आधीच निवडून ठेवलेल्यांसाठीच मेला. अकराही जणांना ते लगेच पटलं, यात मला नवल वाटत नाही. यादीत आपलं नाव आहे असं कळलं की कुणालाही यादी आवडते. आपण दोघं बॅप्टिस्टच. तान्ह्या पोरांवर पाणी शिंपडत नाही, मोठेपणी कळून-सवरून विश्वास ठेवला की टाकीत पुरतं बुडवतो, इथवर आपलं एकमत. तुमच्या खोलीत टाकी नाही म्हणून वर्षातून एकदा तुम्ही आमचीच मागता. नळ मी सोडते. पाणी निवडलेलं आहे का, हे अजून तुमच्यापैकी कुणी विचारलेलं नाही.

आई त्या रविवारबद्दल विचारते. रोज नाही, पण विचारते. तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. तू शिकून नुकताच परतला होतास, आमच्याच मंडळीत मदतनीस पाळक म्हणून. पंधरा वर्षं प्रभुभोजनाचं ताट मी भरत होते. चाळीस भोकांचं ॲल्युमिनियमचं ताट, चाळीस काचेचे इवलेसे ग्लास, आणि दवाखान्यातून आणलेली नवी कोरी सिरिंज. प्रत्येकात दहा मिली. माणसं वीस असोत की तीस, मी चाळीसच्या चाळीस भरायचे. उरलेलं बाहेर झाडाच्या मुळाशी ओतायचे. तू आल्या आल्या हुकूम काढलास: हजर सभासद मोजायचे, तेवढेच ग्लास भरायचे. का, तर ख्रिस्ताचं रक्त वाया जात नाही. जितक्यांसाठी सांडलं तितके तरतातच. उरलेला ग्लास म्हणजे फसलेलं मरण, असं तू म्हणालास.

मग तो रविवार आला. बाबा जन्मात कधी आत आले नव्हते. स्कूटर फाटकाशी लावायची, पायरीवर बसून सिगरेट ओढायची आणि उपासना सुटली की आईला मागे बसवून घरी न्यायचं, हा त्यांचा धर्म. त्या दिवशी पहिल्यांदा आई त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. दोघं शेवटच्या बाकावर बसले. सभासद तेवीस. तुझ्या हुकमाप्रमाणे ग्लास तेवीस भरले गेले. ताट फिरत फिरत मागे गेलं, आईने शेवटचा उचलला, आणि बाबांनी हात पुढे केला तर समोर नुसती भोकं. ते हसले. उठले. बाहेर जाऊन स्कूटरवर बसले. पुन्हा आले नाहीत. चार महिन्यांनी लिव्हरने गेले.

अंत्यविधीला सगळ्यांदेखत मी तुला विचारलं होतं, माझ्या बापाला मोजून बाहेर काढलंस ना? तू ताकास तूर लागू दिली नाहीस. पुढच्या महिन्यात अकरा जण घेऊन चालता झालास.

हे सगळं मी विसरलेले नाही, पण आईसाठी बोलावते आहे. ये. आणखी एक. आईला दोन ग्लास हवेत. एक तिचा, एक बाबांचा. आता बघ, तुझ्या गणितात बसतं का.

ताई


१२ मार्च, बुधवार

माननीय पाळकसाहेब,

कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, एकेक ओळ पट्टी लावून काढल्यासारखी.

तेवीस तारखेला, रविवारी उपासनेनंतर येतोस, हे उपकारच समजते. पण त्यासोबत तू जे लिहिलंस ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'मेलेल्या माणसासाठी प्याला भरणं ना तुमच्या मंडळीत आहे ना आमच्या.' बरोबर आहे. आमचे पाळकही तेच म्हणाले. पण ते हे मान खाली घालून म्हणाले आणि तू ते नाकाने कांदे सोलत लिहिलंस. 'आईला मी खोटं सांत्वन देणार नाही. बाबा निवडलेले होते की नव्हते हे मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते बोलणार नाही.' वा. दिवसाला चार थेंब बोलणारा माणूस, त्यातलाही एक आईसाठी सांडणार नाही.

आणि ती शेवटची ओळ: 'ख्रिस्त गर्दीसाठी मेला नाही, एकेका माणसासाठी नावानिशी मेला. हे तुला इतकं थंड का वाटतं, हे मला कधी कळलं नाही.' वाचायला बरं वाटतं. मलाही क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग त्या नावांच्या यादीबाहेरची माणसं आठवली आणि बरं वाटायचं थांबलं.

साथ आली की आमचे डॉक्टर सगळ्या वस्तीपुरतं औषध मागवतात. अर्धे लोक येत नाहीत. काही बाटली घरी नेतात आणि फडताळात ठेवून देतात. मुदत संपली की उरलेल्या बाटल्या मीच फेकते. म्हणून काय डॉक्टरांनी नाव विचारून औषध मागवायचं? तू म्हणशील, देव म्हणजे तुझा डॉक्टर नव्हे, त्याचं औषध ज्याला द्यायचं त्याला लागू पडतंच. हा वाद आपण नऊ वर्षांपूर्वी याच शब्दांत घातला होता. दीडशहाणा तू तेव्हाही होतास.

आईची तब्येत: पाय सुजलेत. जेवण दोन चमचे. झोप दिवसा जास्त. डोकं मात्र ठिकाणावर आहे. सकाळी पेपर वाचून दाखवला तर दोन चुका काढल्या.

येताना, घरोघरी प्रभुभोजनाला नेतोस ती तुझी पेटी आण. ताट मंडळीचं आहे, ते मी घरी आणणार नाही.

ताई


१९ मार्च, बुधवार

मुंगळ्या,

आज जास्त लिहीत नाही. डॉक्टर येऊन गेले. रविवारपर्यंत ती तग धरेल असं म्हणाले. त्यानंतरचं बोलायला तयार नाहीत. शक्य असेल तर आधी ये. तुमच्या अकरांना एक रविवार पाळकावाचून काढता येईल, निवडलेलेच आहेत ते, कुठे जातात?

काल ती मला म्हणाली, "त्या दिवशी ताट तूच भरत होतीस ना?" मी म्हटलं, हो, भरायचे मीच, मोजायचा तो. मग म्हणाली, "मी याला, तुझ्या बापाला, आत आणत होते तेव्हा तू मागच्या खोलीच्या दारात होतीस. हातात सिरिंज होती." मी म्हटलं, आई, औषधाने तुला भ्रम होतोय. तिला कसलाही भ्रम होत नाही, पण दुसरं काय बोलणार.

बाबा त्या रविवारची गोष्ट नंतर सगळ्यांना सांगायचे, ते तुला माहीत नसेल. ते लिफ्ट बसवायचे त्या कामावरच्या पोरांना, शेजाऱ्यांना, आमच्या डॉक्टरांनासुद्धा. म्हणायचे, "आयुष्यात एकदा देवाच्या दारात गेलो तर माल संपलेला." सगळे हसायचे. तेही हसायचे. पण गोष्ट काही थांबवायचे नाहीत. इस्पितळातही नर्सला सांगितली. ज्याला खरंच काही वाटत नाही तो चार महिने तीच गोष्ट सांगत नाही. हे मी तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. आता सांगते, म्हणजे तुलाही ते पोचेल.

ताई


२४ मार्च, सोमवार

मुंगळ्या,

तू काल गेलास आणि मी रात्रभर दात-ओठ खात बसले. कुणी सांगितलं होतं तुला खोटं बोलायला?

तुझ्या पेटीत सहा ग्लास होते. माणसं तीन. मी स्वयंपाकघरात मुद्दाम सहाच्या सहा भरले आणि आणून तुझ्यासमोर ठेवले. वाटलं, आता बोलशील, आता कपाळाला आठ्या पडतील आणि मला सुनवायची संधी मिळेल. तू बघितलंस. ओठ हलवून मोजलेस, लहानपणीसारखे. आणि काही बोलला नाहीस. तिथेच मला राग आला होता.

मी फडकं आणायला आत गेले तेव्हा आईने तुला विचारलं ते मी दाराआडून ऐकलं. "त्या दिवशी याच्यासाठी ग्लास का नव्हता रे?" तुला सरळ सांगता आलं असतं की ते सभासद नव्हते, बाप्तिस्मा झालेला नव्हता, नियमात बसत नव्हतं. तेवढं तरी खरं ठरलं असतं. तू म्हणालास, "चुकलं आई. मोजताना माझीच चूक झाली."

तुझी? तुझी मोजणी उभ्या जन्मात चुकलेली नाही. मुंग्यांचीसुद्धा नाही.

आता ऐक. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पण नऊ वर्षांत दोघांपैकी एकानेही हे तोंडातून काढलेलं नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते. त्या रविवारी पहिलं गाणं सुरू झालं होतं. तू धावत मागच्या खोलीत आलास. म्हणालास, "ताई, बाबा आत आलेत. एक जास्त भर." तू. हुकूम काढणारा तू. पुढे उभा राहून जे शिकवलंस ते सगळं बाजूला ठेवून एक ग्लास मागायला आला होतास. मी दारातून बाबांना बघितलं होतं. आईने त्यांचा शर्ट इस्त्री केलेला होता, तोही दिसला होता. बाटली माझ्या हातात होती, त्यात निम्मा रस शिल्लक होता. आणि मी झाकण घट्ट लावलं आणि म्हटलं, "नियम म्हणजे नियम, पाळकसाहेब."

तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मग गाणं संपत आलं म्हणून तुला बाहेर जावं लागलं.

मला वाटलं होतं, ताट रिकामं पडेल, सगळी मंडळी बघेल, आणि तुझ्या शिकवणीचं तोंड काळं होईल. माझ्या डोक्यात त्या वेळी बाबा नव्हते, तू होतास. ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं छातीठोकपणे म्हणणारी मी, आणि एका माणसाच्या दहा मिलीवर हात ठेवून उभी राहिले, भावाची जिरवायची म्हणून. पुढे अंत्यविधीला मीच तुला सगळ्यांसमोर विचारलं आणि तू गप्प राहिलास. तू कधी तोंड उघडतोस याची मी वाट बघत होते. उघडलं असतंस तर मी तुझ्याशी त्याच दिवशी बोलले असते. तू गप्प बसलास म्हणून नऊ वर्षं मला तुझा तिरस्कार करावा लागला.

हे लिहून मला हलकं वगैरे काही वाटलेलं नाही. तुझी शिकवण मला अजूनही चूकच वाटते. पण मला तुझ्यापेक्षा माझीच किळस जास्त येते, आणि हे तुला कळवायची इच्छा नव्हती.

उरलेले तीन ग्लास. दोन मी झाडाला ओतले. तिसऱ्याला हात लावला तर आई म्हणाली, राहू दे, खिडकीत ठेव. ठेवला आहे.

ताई


५ एप्रिल, शनिवार

प्रिय मुंगळ्या,

परवा कबरीपाशी तू माझ्या शेजारी उभा होतास, पण मला बोलता आलं नाही. तुझे अकराही जण आले होते. त्यातल्या म्हातारीने माझा हात धरला आणि सोडेचना. मी तिला एकदा 'यादीतली' म्हणून हिणवलं होतं, ते तिला माहीत आहे का? असलं तर तसं दाखवलं नाही तिने.

तू सकाळी लवकर गेलास, म्हणून हे लिहावं लागतंय. गेल्या रविवारी, तीस तारखेला, दुपारी मी आईला सगळं सांगितलं. झाकणाचं, तू मागितलेल्या ग्लासचं, मी काय म्हणाले त्याचं. तू माझ्यासाठी खोटं बोललास तेही. वाटलं, जाता जाता ती मला शिव्या तरी देईल. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले होते, पायाला तेल चोळत. तिने ऐकून घेतलं.

म्हणाली, "तू नाही दिलास, ते मला कळलं होतं. तुझं तोंड मी बघितलं होतं दारात. पण माझ्या हातात होता की एक."

मला आधी कळलं नाही. मी विचारलं, कुठला?

"तेविसावा," ती म्हणाली. "माझा. तो शेजारी हात पुढे करून बसला होता. मी नुसता त्याच्या हातात दिला असता तरी झालं असतं. एवढंच होतं. पण मला वाटलं, सगळे बघतायत. याचा बाप्तिस्मा नाही, लोक काय म्हणतील, मुलगा पुढे उभा आहे पाळक म्हणून. मी घाईघाईने पिऊन टाकला. चव पण कळली नाही. आणि तो हसला."

म्हणून तिला दोन ग्लास हवे होते. आपण दोघं नऊ वर्षं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत राहिलो, आणि ती रोज माझ्यासमोर बसून जेवत होती आणि काही बोलत नव्हती. तू निघून गेलास तेव्हाही नाही. मी तिच्यासमोर तुला नावं ठेवायचे तेव्हाही नाही. तिने मला विचारलं, "तुमच्या मंडळीत काय म्हणतात, तो ह्याच्यासाठी पण मेला का?" मी हो म्हटलं. "आणि मुंगळ्याच्या मंडळीत?" मी सांगितलं, त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं तो बोलत नाही. ती म्हणाली, "तो एकटाच खरं बोलतोय मग. पण विचारून ठेव त्याला, ह्याच्यासाठी मेला नाही म्हणून तरी ठाऊक आहे का."

मी तुला विचारते. नाही म्हणून तरी ठाऊक आहे का? उत्तर कार्डावर लिहू नकोस.

तिने तुझ्यासाठी एक निरोप ठेवलाय, शब्द तिचेच: "त्याला सांग, खोटं बोलत जाऊ नको. त्याला जमत नाही. कान लाल होतात." तेवीस तारखेला तुझे कान लाल झाले होते म्हणे. मी दाराआड होते, मला दिसले नाहीत. तिला दिसले. म्हणजे तू खोटं बोलतोयस हे तिला त्या क्षणीच कळलं होतं, आणि तरी तिने तुझ्या हातून ग्लास घेतला आणि सावकाश प्यायली. या वेळी चव लागली असं मला म्हणाली.

बुधवारी सकाळी ती गेली, ते तुला माहीत आहे. आदल्या संध्याकाळी खिडकीतला ग्लास तिने मागून घेतला आणि थोडा वेळ दोन्ही हातांत धरला. प्यायली नाही. मी विचारलं, ओतू का? म्हणाली, "ह्याचा आहे. राहू दे."

तो अजून तिथेच आहे. माझ्याने ओतवत नाही आणि पिववत तर नाहीच. रस आटून तळाशी चिकट डाग उरलाय, आणि आज सकाळपासून खिडकीच्या फटीतून मुंग्यांची रांग लागली आहे, थेट काठावरून आत. हाकललेल्या नाहीत. किती आहेत ते मोजलं नाही, ते काम तुझं आहे. ये.

सप्रेम सलाम,
ताई